तळाची वाळू आणि वाळूचे काम

समुद्रकाठी आयुष्य गेलेल्या माणसाला वाळू ही काही विचार करण्याजोगी वस्तू वाटत नाही. ती पायाखाली असते, ओल्या कपड्यांना चिकटून घरात येते आणि केरसुणीने पुन्हा अंगणात जाते. समुद्र म्हटला की तळ आला आणि तळ म्हटला की वाळू आली, हे आपण इतके गृहीत धरलेले असते की वाळूवाचूनचा समुद्र ही कल्पना कुणी पुढे मांडली तर ती थट्टाच वाटावी. तथापि काचेच्या पेटीत जिवंत प्रवाळ वाढविण्याचा छंद ज्यांना आहे, अशा जगभरच्या लोकांत गेली पंचवीसएक वर्षे नेमका हाच वाद चालू आहे. पेटीच्या तळाशी वाळू अंथरावी, की तळाची काच उघडीच ठेवावी? सकृद्दर्शनी हा रिकामटेकड्यांचा वाद वाटेल. इतके गंभीर प्रश्न दाराशी उभे असता अग्रलेखाची जागा माशांच्या पेटीला कशासाठी, असेही आमचे काही वाचक विचारतील. त्यांना आमची विनंती एवढीच, की त्यांनी हा वाद शेवटपर्यंत ऐकून घ्यावा. तो पेटीपुरता राहत नाही, असा आमचा अनुभव आहे.

समुद्राचा तुकडा घरात आणण्याची माणसाची हौस तशी जुनी आहे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘दि ॲक्वेरियम’ या ग्रंथाने इंग्लंडातील मध्यमवर्गाला या छंदाचे वेड लावले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले आणि मुंबईस गेलेल्या कोकण-गोव्याच्या कित्येक पोरांनी काचेपलीकडचा समुद्र प्रथम तेथेच पाहिला. मासे जगविणे त्या मानाने सोपे होते. प्रवाळ मात्र पेटीत टिकत नसे. प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्तीला असते, ते उजेडावर अन्न तयार करते, आणि त्या अन्नाच्या बळावर हा इवलासा प्राणी पाण्यातील चुना शोषून आपले घर बांधतो. पाणी जरा घाण झाले, उष्णता एक-दोन अंशांनी वाढून तशीच राहिली, की ही भागीदारी मोडते आणि प्रवाळ पांढरा पडतो.

१९६१ च्या सुमारास इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत खडक पेटीत ठेवून प्रवाळ जगविण्याची रीत लोकांपुढे मांडली. पुढे जर्मनीत बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत खडकाला फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. १९८० च्या दशकात फ्रान्समधील जाँ झोबेर या शास्त्रज्ञाने उलट वाट धरली. तळाशी पाण्याची एक मोकळी पोकळी ठेवून तिच्यावर वाळूचा जाड थर अंथरला, तर ती वाळूच पाणी शुद्ध करील, असे त्याने मोनॅको येथे दाखवून दिले. १९९० नंतर अमेरिकेत जाड वाळूच्या थराची लाटच आली, आणि ती ओसरू लागली तेव्हा उघड्या तळाचा पंथ पुन्हा डोके वर काढता झाला. आजही दोन्ही पंथांच्या पेट्या भरभराटीस आलेल्या दिसतात आणि दोन्ही पंथांच्या पेट्या कोसळलेल्याही दिसतात.

वाळूच्या बाजूने जे सांगितले जाते ते खोटे नाही. मासा खातो, विष्ठा टाकतो, उरलेले अन्न कुजते आणि पाण्यात अमोनिया तयार होतो. अमोनिया हे माशांना विषच. निसर्गात हे विष उतरविण्याचे काम जिवाणू करतात. जिवाणूंची एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट करते. या दोन्ही जातींना प्राणवायू लागतो. वाळूच्या प्रत्येक कणावर त्यांची वस्ती असते, म्हणून मूठभर वाळू ही एका मोठ्या गावाच्या तोडीची होते. थराच्या खाली, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे तिसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायुरूपाने हवेत निघून जातो. शिवाय वाळूत किडे असतात, बारीक शंख असतात, गाळ चाळणारे असंख्य जीव असतात. आपल्या खाडीच्या तळाशी तिसऱ्या आणि खुबे जे काम बिनबोभाट करीत असतात, तेच काम पेटीत हे जीव करतात. वाळू अशी राबत असते, आणि मालक खुर्चीत बसून मासे पाहत असतो.

मग ती काढावी तरी कशाला? याचे उत्तर आमच्या भाषेतील एका जुन्या म्हणीत आहे. दृष्टीआड सृष्टी. वाळू जे पचविते ते पचविते, पण जे पचविता येत नाही ते ती साठविते. प्रवाळाची वाळू चुन्याची असल्याने अन्नातून येणारे फॉस्फेट तिला चिकटून बसते. गाळ कणांच्या फटींतून खाली उतरतो आणि दिसेनासा होतो. वरून थर पांढराशुभ्र दिसतो, काचेच्या कडेने पाहिले तर खाली काळी रेघ उमटू लागलेली असते. खारफुटीच्या चिखलात ज्याचा पाय एकदा रुतला आहे, त्याला या काळ्या थराची ओळख करून देण्याचे कारण नाही. तोच रंग आणि सडक्या अंड्यांचा तोच वास. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. खाडीला भरती-ओहोटी आहे, मोकळे आकाश आहे, कुर्ल्यांची बिळे आहेत. तेथे तो वायू मावतो. चारशे लिटरांच्या बंद पेटीत तो मावत नाही.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ नोकरीनिमित्त बरीच वर्षे परदेशी होते. तेथे कायद्याने विकत मिळणारे, हौदात वाढविलेल्या प्रवाळाचे तुकडे आणून त्यांनी घरी पेटी थाटली होती. चार फूट लांब, दोन फूट रुंद. तळाशी चार बोटांहून अधिक जाड वाळूचा थर, वजनाने सुमारे शंभर किलो. चार वर्षे सारे उत्तम चालले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अभिमानाने सांगत, की मी काहीच करीत नाही, सगळे वाळूच करते. पाचव्या वर्षी पाण्यावर हिरवट शेवाळ धरू लागले. त्यांनी अन्न कमी केले, पाणी बदलले, तरी शेवाळ हटेना. एके रात्री वाळूत पोखरणाऱ्या एका जिवाने खडकाचा आधार सैल केला, खडकाची रास कोसळली आणि तळाचा थर उसळून वर आला. सकाळी घरभर वास होता. बारा वर्षांची नात दारातच नाक धरून उभी राहिली आणि म्हणाली, “आजोबा, समुद्र मेला.” दुपारपर्यंत एक मासा जिवंत राहिला नाही. प्रवाळांपैकी तीन तुकडे वाचले.

त्या तीन तुकड्यांवर त्यांनी दुसरी पेटी उभी केली. या वेळी तळाला वाळू घातली नाही. खडकाच्या भाराने काच तडकू नये म्हणून खाली प्लॅस्टिकचा जाड पत्रा टाकला आणि खडक दोन-तीन टेकांवरच उभा राहील असा रचला, जेणेकरून त्याच्या खालूनही पाणी वाहावे. सुट्टीवर गावी आले असता ते आमच्याकडे बसले होते. “संपादकसाहेब,” ते म्हणाले, “वाळू होती तेव्हा मी पेटीचा मालक होतो. वाळू काढली आणि तिच्या जागी मीच कामाला लागलो.”

हे त्यांचे वाक्य आम्हांला या साऱ्या वादाचे सार वाटते. उघड्या तळाची पेटी म्हणजे सोपी पेटी, असा नवख्यांचा समज होतो, तो निखालस चुकीचा आहे. वाळू काढल्याने वाळूचे काम नाहीसे होत नाही. ते कुणाच्या तरी अंगावर पडते.

ते कसे पार पाडावे लागते हेही पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट प्रवाहाची. तळ मोकळा असल्याने जोराचा प्रवाह सोडता येतो, वाळू उडून प्रवाळावर बसण्याची भीती नसते. पेटीतील सर्व पाणी तासाला वीस ते चाळीस वेळा फिरावे असा प्रघात आहे, म्हणजे चारशे लिटरांच्या पेटीत तासाला आठ ते सोळा हजार लिटर. घाण खाली बसण्यापूर्वीच ती उचलून गाळणीकडे न्यावयाची, हा त्यामागील हेतू. दुसरी गोष्ट फेसाची. पावसाळ्यात मिरामारच्या किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावर पिवळसर फेसाचे ढीग लागतात ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. लाट आपटली की पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये बुडबुड्यांच्या पृष्ठाला चिकटतात आणि फेस होऊन बाहेर पडतात. पेटीला जोडलेले यंत्र नेमके हेच करते. नळीत बारीक बुडबुडे सोडते आणि वर आलेला काळपट फेस एका भांड्यात गोळा करते. ते भांडे वरचेवर धुवावे लागते. त्याचा वास प्रिय नसतो, परंतु तो वास भांड्यात असणे हे पेटीत असण्यापेक्षा बरे.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी. इतके करूनही कोपऱ्यांत गाळ बसतोच. उघड्या तळावर तो दिसतो. दर आठवड्याला एक नळी घेऊन तो ओढून काढावयाचा आणि जितके पाणी गेले तितके नवे घालावयाचे. दहा टक्के पाणी बदलावयाचे म्हटले तर चाळीस लिटर, आणि लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने जवळजवळ दीड किलो समुद्री मीठ. जिवाणूंची वस्ती यातही असतेच. ती सच्छिद्र खडकाच्या आत, बाहेर, काचेवर, सर्वत्र असते. म्हणून उघड्या तळाची पेटी म्हणजे जिवाणूंवाचूनची पेटी, असे कुणी समजू नये. फरक एवढाच, की येथे कचरा कुजण्यापूर्वीच बाहेर काढला जातो.

या मार्गाने गमावलेही पुष्कळ जाते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रात्र झाली की वाळूत शिरून झोपणारे रंगीत रास मासे अशा पेटीत ठेवू नयेत. तो त्यांचा छळ होय. तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून चाळून टाकणारे गोबी मासे येथे उपाशी मरतात. वाळूत बीळ करणाऱ्या कोळंब्या, गाळ खाणाऱ्या समुद्रकाकड्या यांनाही जागा नाही. पांढऱ्या वाळूवरून परतणारा उजेड प्रवाळाच्या खालच्या अंगाला मिळतो, तोही जातो. डोळ्यांनाही तो तळ प्रथम उघडाबोडका वाटतो. वर्ष-दीड वर्षात गुलाबी-जांभळे चुनखडी शैवाल त्यावर पसरते आणि मग तो खडकाचाच भाग दिसू लागतो, ही गोष्ट वेगळी.

त्याहून महत्त्वाचा धोका अतिस्वच्छतेचा आहे. हौशी माणूस एकदा साफसफाईच्या नादी लागला की थांबत नाही. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, असे आकडे मिळविण्यात त्याला धन्यता वाटते. परंतु प्रवाळालाही थोडे अन्न हवे असते. सर्व काही धुऊन काढलेल्या पाण्यात तो फिका पडत जातो, आणि अशाच पाण्यात कित्येकदा तपकिरी, चिकट असे सूक्ष्म जीव माजतात, जे काही केल्या हटत नाहीत. मळ नको, हे खरे. पण जगण्यापुरता मळ लागतो, हेही खरे. नवी पेटी मांडणाऱ्याला हे माप पुस्तकातून मिळत नाही. रोज पाहून, मोजून आणि चुकून ते शिकावे लागते.

तात्पर्य, आमच्या मते दोन्ही पंथांत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. वाळू ठेवावयाची तर तिचा मान राखावा. तिच्यातील जीव जपावेत, थर ढवळू नये, अन्नाचा मारा करू नये आणि वरचा पांढरा रंग पाहून निर्धास्त राहू नये. वाळू काढावयाची तर तिचे काम आपल्या शिरावर घ्यावे आणि ते एकही आठवडा चुकवू नये. दोष आहे तो तिसऱ्या प्रकारात. वाळू काढून टाकावयाची आणि तिचे कामही करावयाचे नाही, हा तो प्रकार. असा मनुष्य पेटी पाळीत नाही, तो फक्त तिच्या मरणाचा दिवस लांबवितो.

आता पेटीबाहेर पाहू. आपल्या किनाऱ्याला प्रवाळ नाहीत असा अनेकांचा समज आहे, तो बरोबर नाही. मुरगावच्या जवळील ग्रांदी बेटाभोवती प्रवाळ आहेत. मालवणच्या पाण्यात आहेत, आणि तो भाग १९८७ सालीच सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर तर प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. २००१ सालापासून खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. म्हणून हा लेख वाचून कुणा तरुणाच्या मनात घरी पेटी मांडण्याची हौस उत्पन्न झाली, तर त्याला आम्ही आताच सांगतो, की बेटाभोवतीच्या प्रवाळाचे बोटभर टोक मोडणे हा गुन्हा आहे, आणि त्याला वर्षानुवर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा आहे. पोटी केवळ आवड असणे ही सबब तेथे चालत नाही. मासे पाळावयाचे तर गोड्या पाण्यातले पाळावेत. प्रवाळ पाहावयाचे ते पाण्यात उतरून, हात न लावता.

पेटीचा छंद समुद्राच्या कामी येतच नाही असे मात्र नव्हे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात २०१२ पासून प्रवाळांना बंदिस्त पाण्यात ऋतुमान आणि चंद्रकला यांचा आभास देऊन ठरल्या वेळी अंडी घालावयास लावण्याचा प्रयोग चालला आणि तो यशस्वी झाला. फ्लोरिडात प्रवाळाचे अगदी बारीक तुकडे उथळ हौदांत वेगाने वाढवून ते पुन्हा समुद्रात लावले जातात. पाण्याची जी शिस्त हौशी मंडळींनी घरोघर चुका करीत शिकली, तिचा येथे उपयोग झाला. त्याची गरजही आहे. एप्रिल २०२४ मध्ये जगातील प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर झाली. तापलेल्या समुद्राला नळी लावून तो बदलता येत नाही.

आणि गाळाचे काय? पेटीवाला माणूस प्रवाळावर गाळ बसू नये म्हणून रात्रंदिवस पंप चालवितो. गाळाने प्रवाळ गुदमरतो, त्याच्या शैवालाचा उजेड अडतो, हे त्याला ठाऊक असते. आपल्या नद्या दर पावसाळ्यात डोंगर उघडे पडल्याने सुटलेली माती समुद्रात नेऊन ओततात. ग्रांदी बेटाचे प्रवाळ त्या गढूळ पाण्यातही तग धरून आहेत, हे त्यांचे सामर्थ्य. परंतु त्या सामर्थ्याची आपण किती परीक्षा पाहावी?

वाळूची गोष्ट तर याहून थेट आहे. नदीच्या तळाची वाळू आपण घरांसाठी आणि पुलांसाठी उपसतो. घरे हवीत, पूल हवेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण ती वाळू नुसती पडून नव्हती. ती काठाला आधार देत होती, तिसऱ्यांना घर देत होती, पाणी गाळीत होती, आणि भरतीच्या खाऱ्या पाण्याला पात्रात फार वर चढू देत नव्हती. ती बेसुमार काढली की पात्र खोल होते, काठ ढासळतात, माडांच्या रांगा पाण्यात जातात आणि गोड्या विहिरी मचूळ होतात. वाळू काढणाऱ्याने तिचे कोणते काम आपल्या शिरावर घेतले? काठ कोण बांधणार, विहिरीत गोडे पाणी कोण घालणार? पेटीतील वाळू काढणाऱ्याला निदान दर आठवड्याला नळी आणि बादली हाती घ्यावी लागते. नदीतील वाळू काढणारा होडी भरून निघून जातो.

आपल्या पूर्वजांना हे समजत नव्हते असे नाही. खाजन शेतीचे बांध आणि मानशी ही त्याची साक्ष आहे. खारे पाणी अडवून शेत पिकवावयाचे, म्हणजे समुद्राचे एक काम आपण हाती घ्यावयाचे, हे ओळखून त्यांनी बांधांची डागडुजी ही गावाची सामाईक जबाबदारी मानली. मानशीची दारे भरती-ओहोटीच्या वेळा पाहून सांभाळणारा माणूस नेमला. जेथे ही शिस्त सुटली तेथे बांध फुटले आणि शेते खारावली. निसर्गात हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे नव्हते. हात घातला की तो काढून घेता येत नाही, एवढे त्यांना ठाऊक होते.

आमचे ते स्नेही आता कायमचे गावी परतले आहेत. पेटी त्यांनी तिकडेच एका तरुण मित्राला दिली, प्रवाळांसह, आणि सोबत एका वहीत दर आठवड्याला काय करावयाचे ते लिहून दिले. पहिल्या ओळीत काय लिहिलेत, असे आम्ही सहज विचारले. ते म्हणाले, “रविवारी कुठेही बाहेर पडण्यापूर्वी तळ पाहावा.”